काठोकाठ भरलेला ग्लास

मोटारींची नाकं लांबलचक होती, तेव्हापासूनची ही गोष्ट. दाऊद मिस्त्रीच्या गॅरेजात एक इंजिन होतं. त्याचे सहाही सिलिंडर एका रांगेत उभे, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत.

पुढे मोटारींची नाकं आखूड झाली. तीन-तीन सिलिंडरच्या दोन तिरप्या रांगांचं गुटगुटीत इंजिन आलं आणि लांब्या कोपऱ्यात गेला.

"लांब्याकाका, जरा अंग चोरून बसायला शिकला असतात, तर ही वेळ आली नसती," नव्या मोटारीतून गुटगुट्या म्हणाला. "आता शनिवारी भंगारवाला!"

अंग चोरणं लांब्याला कधी जमलंच नव्हतं.

शनिवारी भंगारवाल्याच्या आधी गोमा तांडेल आला. "मिस्त्री, होडीला इंजिन पायजे. जागा लांब आन् अरुंद. थरथर नको, फळ्या सैल होतात."

मिस्त्रीची एक रीत होती. चालू इंजिनावर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा. सांडला, की इंजिन नापास.

आधी गुटगुट्याची पारख झाली. त्याच्यावरचा चहा डुचमळून त्याच्याच अंगावर सांडला. मग मिस्त्रीने लांब्याला बॅटरी जोडली. सहा सिलिंडरांतले सहा दट्टे भावांसारखे ठरल्या तालात उठू-बसू लागले. ग्लासातली सायसुद्धा हलली नाही.

गोमाने तो ग्लास उचलला आणि चहा घटाघटा पिऊन टाकला. "ह्योच द्या!"

दारात भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा होता. लांब्याला वाट द्यायला तो मागे घ्यावा लागला.