ठकूबाईची टोपली आणि जांभूळदऱ्याचे तळे

जांभूळदरा हे गाव दोन टेकड्यांच्या बेचक्यात वसलेले. तुळाजी महाराज तेथे प्रथम आले तेव्हा पावसाळ्यात ओढा दुथडी आणि शिमगा सरला की विहिरीच्या तळाला नुसता चिखल, अशी गावाची दशा होती. महाराजांनी कीर्तन केले आणि दक्षिणा मागितली ती काय? घरटी एक टोपली माती! लोक आधी हसले. मग बायाबापड्यांनी ओढ्यावर माती टाकायला सुरुवात केली, बैलांनी ती तुडवली आणि दोन टेकड्यांच्या मध्ये बांध उभा राहिला. मागे तळे साठले. महाराजांनी त्याच बांधाच्या टोकाला, बाभळीखाली झोपडी बांधली.

बांधाच्या कडेला त्यांनी सांडवा ठेवला होता, म्हणजे तळे भरले की जादा पाणी निघून जायची वाट. महाराज म्हणायचे, "हे तळ्याचं नाक आहे रे बाबांनो. पोट हवं तेवढं भरा, पण नाक दाबू नका."

तेव्हापासून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक घरची बाई आपल्या रानातली टोपलीभर माती आणून बांधावर टाकी आणि टाचेने दाबी. पावसाने वर्षभरात जे धुपले ते असे भरून निघे. पहिली टोपली पाटलांच्या घरची. ती आणायची म्हाळसाक्का पाटलीण.

म्हाळसाक्कांबद्दल काय सांगावे! नाकात नथ, नथीच्या वर नाक. पाटील बिचारे मवाळ, कारभार सगळा बाईंच्या हाती. बाईमाणसाच्या हाती सत्ता आली की ती पुरुषाच्या सत्तेपेक्षा जड पडते, हे ज्यांनी भोगले त्यांना मी सांगायला नको. मनाने वाईट नव्हत्या हो. दारी आलेला कुणी उपाशी गेला नाही. पण भाकरीबरोबर चार शब्द ऐकूनच जायचा.

बांधाच्या अगदी पायथ्याशी ठकूबाई राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शेताचा तुकडा नाही. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधून पोट भरी आणि सांजसकाळ महाराजांचे अंगण झाडी. रान नाही म्हणून इतकी वर्षे आखाजीला ती लांबूनच हात जोडायची. एका आखाजीला मात्र तिला राहवले नाही. तिने आपल्या चुलीपुढची जमीन उकरली, माती चाळली, टोपली भरली आणि बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

म्हाळसाक्कांनी तिला पाहिले. "अगं ए ठके, तू कुठल्या रानाची मालकीण झालीस?"

"रान कुठलं आक्का. खोपटातली आणली. चुलीपुढची."

"आणि खोपट कुणाच्या जाग्यावर आहे गं?"

ठकूबाईने टोपली छातीशी ओढून धरली.

"आमच्या! म्हणजे आमचीच माती आम्हालाच वाढतेस होय? सुगरणच की!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. कुणी म्हणाले, "घेऊन जा माघारी, लोणचं घाल मातीचं." ठकूबाईने टोपली उचलली आणि रडत महाराजांपुढे येऊन बसली.

"महाराज, माझी माती तळ्याला चालत नाही म्हणतात."

महाराज हसले. म्हणाले, "आज बांधाचं पोट भरलंय ठकू. भरल्या पोटाला पंचपक्वान्नंही नकोच वाटतात. ने ती घरी, चुलीच्या उबेला ठेव, वर पानं झाक. भूक लागली की तो आपणहून मागेल."

दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, साधूने समजूत काढली. ठकूबाईने आज्ञा मानली. टोपली चुलीशेजारी ठेवली, वर पळसाची पाने झाकली आणि देवाला दाखवावा तसा रोज तिच्यापुढे दिवा दाखवू लागली. येताजाता बाया विचारत, "ठके, मुरलं का गं लोणचं?" ती म्हणे, "मुरतंय बाई, मुरतंय."

इकडे म्हाळसाक्कांच्या डोक्यात पानमळा शिरला. नागवेलीला बारमाही पाणी हवे. सांडव्यातून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाताना बघून त्यांचा जीव तुटे. आखाजी सरताच त्यांनी गडी लावून सांडव्यात कमरेइतके दगड रचून घेतले, फटीत चिखल थापला. महाराज स्वतः गेले. म्हणाले, "म्हाळसाबाई, नाक दाबलंत."

"महाराज, तुम्ही भजनाचं बघा. पाण्याचं आम्ही बघतो."

महाराज परत फिरले. संतांना राग येत नाही असे म्हणतात. मला वाटते येत असेल, पण ते तो गिळतात.

श्रावण आला आणि आभाळ फाटले. झड लागली ती थांबेचना. तळे काठोकाठ झाले. पाण्याने आपली वाट शोधली, तर तिथे दगड! मग ते बांधावर चढू लागले. सोमवारी सकाळी बांधाची मधली कड भिजून खचली आणि तिथून पाण्याची धार खाली सुटली.

हाकाटी झाली. बांधाखाली सगळी वस्ती, आणि वस्तीत पहिला वाडा पाटलांचा. आत पाटलांची सून पाच दिवसांची बाळंतीण, कुशीत पोर. बाजेवरून उचलून न्यावी तर वाटेत मांडीभर चिखल. म्हाळसाक्का अनवाणी धावत बांधावर आल्या.

"टाका रे माती! बघत काय राहिलात मढ्यासारखे!"

लोक टाकत होतेच. पण रानोमाळ सगळा राडा झालेला. टाकलेली माती आंबिलीसारखी वाहून जाई. "कोरडी माती आणा, कोरडी!" जो तो ओरडत होता, आणि पंचक्रोशीत कोरडी माती कुठे असणार? धार मनगटाएवढी होती ती मांडीएवढी झाली.

तेवढ्यात खालून ठकूबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर पळसाची पाने.

"महाराज, मागितली का हो त्यानं?"

"मागितली ठकू. ये, वाढ."

त्या घाईतही म्हाळसाक्कांची जीभ आवरली नाही. "अगं, टोपलीभर मातीनं काय होतंय! बाजूला हो!"

महाराज त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "माती ठकू घालेल. पण पाण्याला वाट तुम्ही द्यायची. दगड तुम्ही रचलेत, तुमच्याच हातांनी काढा."

पाटलीण आणि दगड! पण खाली नातू होता. त्यांनी कासोटा घातला, कमरेइतक्या पाण्यात उतरल्या आणि पहिला दगड उपसून फेकला. इकडे ठकूबाईने "विठ्ठल" म्हणून टोपली कलती केली. चाळलेली, भाजल्यासारखी कोरडी माती धारेत पडली आणि पडली तिथेच बसली! दोन बायांनी ती टाचेने दाबली. ठकूबाई पुन्हा ओतू लागली. पुन्हा माती आली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... टोपली होती तेवढीच, तिच्या कडेपर्यंत भरलेली! काय म्हणावे हो या लीलेला!

अर्धे दगड निघाले. म्हाळसाक्कांच्या बांगड्या फुटल्या, बोटे सोलली. त्या दम खायला काठावर टेकल्या आणि सवयीने गड्याला म्हणाल्या, "शिरप्या, उतर रे, उरलेलं तू काढ."

ठकूबाई किंचाळली. "महाराज, टोपली रिकामी झाली!"

खरेच, टोपलीचा बांबू दिसत होता. दाबलेल्या मातीच्या कडेने पाणी पुन्हा झिरपू लागले. सगळ्यांच्या माना म्हाळसाक्कांकडे वळल्या. महाराज नुसते बघत राहिले. लेकराने ताटातले अर्धे टाकून उठावे आणि आईने बघावे, तसे.

म्हाळसाक्कांनी शिरप्याला मागे ढकलले. "हो बाजूला! माझं मलाच निस्तरू दे." आणि पुन्हा पाण्यात उतरल्या. त्यांनी दगड हलवला आणि ठकूबाईच्या हातात टोपली जड झाली.

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. इकडे दगड निघे, तिकडे माती पडे. शेवटचा धोंडा सुटला तसे पाणी गर्जना करीत सांडव्यातून ओढ्याला लागले आणि तळे बघता बघता हातभर उतरले. बांधावरची धार आटली. खालच्या वाड्यातून बाळाचे रडणे स्वच्छ ऐकू आले. इतका वेळ त्या पोराचा आवाज कुणाच्या कानी पडला नव्हता.

तो आवाज ऐकून म्हाळसाक्का पाण्यातून वर आल्या. मग तशाच निथळत महाराजांच्या पायांशी गेल्या. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं नको म्हाळसाबाई. मी तर नुसता उभा होतो."

म्हाळसाक्कांना समजले. सगळ्या गावादेखत त्या वळल्या आणि ठकूबाईपुढे वाकल्या. ठकूबाई कावरीबावरी होऊन मागे सरू लागली. "अहो आक्का, हे काय! माझे पाय चिखलानं भरलेत!"

"गप उभी राहा गं," म्हाळसाक्का म्हणाल्या. आवाज तोच दरडावणीचा होता, पण डोळे वाहत होते. "जन्मात एकदा वाकतेय, ते तरी धड वाकू दे."

आणि त्यांनी त्या चिखलाच्या पायांवर कपाळ टेकले, ते बराच वेळ उचलले नाही.