गुपित कुणापासून?

वेणगड आणि सोनतळ या शेजारच्या राज्यांनी एकमेकांच्या धास्तीने इतकी फौज वाढवली, की दोन्हीकडच्या रयतेचं कंबरडं मोडलं. शेवटी तह ठरला. दोघांनी आपापला लष्करी खर्च भर दरबारात वाचून दाखवायचा, म्हणजे उगाच कुणी कुणाला भिणार नाही. सोनतळच्या राजाच्या वकिलांनी वेणगडच्या दरबारात आपली खर्चाची वही वाचलीसुद्धा. पण वेणगडचे सेनापती भुजंगराव अडून बसले.

"महाराज, फौजेचा खर्च म्हणजे राज्याचं गुपित. शत्रूला कळलं तर घात होईल."

महाराज विचारात पडले. वकील उठून निघायच्या बेतात होते. तह लिहायला बसलेल्या दप्तरदार तुळसाबाईंनी लेखणी खाली ठेवली. आता गप्प बसले तर लढाईच, हे त्यांनी ओळखलं.

"महाराज, आज्ञा असेल तर वकीलसाहेबांना एक विचारते," त्या म्हणाल्या.

महाराजांनी मान डोलावली.

"वकीलसाहेब, आमच्या पागेत घोडे किती?"

वकील हसले. "चौदाशे. त्यांचा दाणा आमचेच व्यापारी पुरवतात ना."

महाराज ताडकन उठले. "चौदाशे? मी तर दरसाल तीन हजार घोड्यांचा खर्च देतो."

भुजंगरावांनी हातातली खर्चाची वही छातीशी घट्ट धरली. सारा दरबार तुळसाबाईंकडे बघू लागला.

"शत्रूला सगळं आधीच ठाऊक आहे, महाराज," त्या शांतपणे म्हणाल्या. "सेनापतींनी हे गुपित राखलंय, ते फक्त तुमच्यापासून."

महाराजांनी सेनापतींच्या हातातली वही काढून घेतली आणि वाचायला तुळसाबाईंकडे दिली. दिवस मावळायच्या आत तहावर दोन्ही राज्यांचे शिक्के उमटले.