जास्तीचं वजन

वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्यात सुमित्रा हेरवाडे चौदा वर्षं निरीक्षक होती. एक दिवस तिनं सिनेमा काढायचा म्हणून राजीनामा दिला. दिघावकर साहेबांनी तो महिनाभर दाबून ठेवला. शेवटी ती विचारायला गेली, तेव्हा साहेब कारकुनांदेखत हसले.

"बाई, तुमची गोष्ट ऐकायला बसणार कोण? मला दोन मिनिटं बसवून दाखवा, लगेच सही करतो."

सुमित्रा म्हणाली, "जतच्या बाजारात एक बाई किराणा दुकान चालवायची. तिच्याविरुद्ध तक्रार आली, की ती वजनात जास्त माल देते."

"जास्त? अशी तक्रार कोण करेल?"

"तिची सासू. मी जाऊन काटा तपासला, तर काटा अगदी बरोबर."

टेबलावरचा फोन वाजू लागला. साहेबांनी तो न बघताच बंद केला.

"मग जास्त का द्यायची ती?"

"साहेब, दोन मिनिटं केव्हाच झाली. पुढचं पडद्यावर."

कारकून खुदकन हसले. साहेबांनी मुकाट्यानं सही केली, पण कागद काही त्यांच्या हातून सुटेना.

"निदान एवढं तरी सांगा, सगळ्यांनाच जास्त द्यायची का?"

"नाही साहेब," कागद हळूच ओढून घेत सुमित्रा म्हणाली, "एकालाच."