चांगुणेचं तांबं

“तिनं वाहिली नुसती जास्वंद. मी तांबं वाहिलं. मग खाडीमाय तिलाच कशी पावते, माई?”

चांगुणेनं टोपली देवळाच्या पायरीवर उपडी केली. शिंपल्यांसकट कालवं घरंगळली. एक फोडून तिनं माईंच्या पुढ्यात धरलं. आतलं मांस शेवाळासारखं हिरवं होतं.

माईंनी पाहिलं.

खाडीकाठच्या या देवळात राहून त्यांचे केस पिकले होते. गावातल्या बाया त्यांच्याकडे नवस बोलायला येत, आणि भांडायलाही.

“बाजारात कुणी हात लावत नाही याला. आणि माझी जाऊ, द्वारकी... शेजारच्याच कातळावर कालवं काढते. तिची बघा, दुधासारखी! तिच्या टोपलीभोवती गिऱ्हाइकं बघून माझ्या पोटात नुसता जाळ पेटायचा. म्हटलं, हिच्यापेक्षा मोठं वाहीन. भंगारवाल्याकडून जुन्या जहाजांचं तांबं आणलं. पत्रे, तारा, नळ्या. दर अमावस्येला माझ्या कातळातल्या डबक्यात सोडत गेले.”

“दर अमावस्येला?”

“पौर्णिमेलाही. ती एक फूल वाहते ना...”

माई उठल्या. आतून तांब्याचा गडू घेऊन आल्या. बाहेरून असा लखलखीत घासलेला, की चांगुणेला त्यात स्वतःचं कुंकू दिसलं.

“उन्हातून आलीस. ताक घे.”

चांगुणेनं घोट घेतला आणि लगेच बाजूला थुंकला.

“अगो बाय! माई, हे तर तांब्यानं कळकलंय! कधीपासून ठेवलंय यात?”

“कालपासून.”

“आत कल्हईसुद्धा नाही! बाधेल की हो कुणाला!”

“देवीचा गडू आहे. मनोभावे घासलाय.”

“मनोभावे घासला म्हणून ताक कळकायचं राहतं होय?”

बोलली, आणि चांगुणेची नजर पायरीवरच्या हिरव्या कालवांवर गेली.

...

खाली ओहोटी लागली होती. कातळ एकेक करून उघडे पडत होते. तिच्या डबक्यातलं पाणी बारीक ओहळानं शेजारच्या कातळाकडे उतरत होतं.

ती त्या ओहळाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तिच्याकडेही... हे तांब्याचं पाणी पोचलं असेल का हो?”

“पोचलं तर?”

चांगुणा पायरीवर टेकली.

“खरं सांग गो. देवीच्या पायरीवर बसलीयस.”

“आत कुठेतरी गार वाटलं, माई. क्षणभरच.”

माईंनी गडू चुलीपाशी नेला, ताक राखेत ओतलं आणि परत येऊन बसल्या.

“आणि आता?”

“आता धडधडतंय.” चांगुणेनं डोळ्यांना पदर लावला. “तिची पोरं तीच कालवं खातात. धाकटा तर माझ्याच हातून भात खायला शिकला.”

माई वाकल्या. त्यांनी पायरीवरची हिरवी कालवं उचलून टोपलीत भरली.

“काढते मी. सगळं तांबं बाहेर काढते. पण डबकं खोल, पत्रे जड... एकटीच्यानं व्हायचं नाही.”

“मग हाक मार तिला.”

द्वारकी टोपली कमरेला लावून खाली उतरतच होती.

“तिला? हसेल ती मला!”

“हसेल.”

“गावभर सांगेल!”

“सांगेल.”

चांगुणा उठली. मग तिनं कास खोचली. दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा वळली.

“पण माई, खाडीत उतरायचं तर काहीतरी वाहायला हवं ना? रिकाम्या हातानं कशी जाऊ?”

माई म्हणाल्या, “रिकाम्याच हातानं जा. खाली चिखल फार आहे. द्वारकीचा हात धरायला लागेल.”