शेगडीबाईंची देखरेख

भांडीकुंडी एकमेकांची उणीदुणी काढत बसायची, तेव्हाची ही गोष्ट. कडाक्याच्या थंडीत पातेलंभर दुधात चमचाभर विरजण उतरलं. उद्याच्या पंगतीला दही हवं होतं. लागलं नाही तर या घरात आपल्याला पुन्हा कोण विचारणार, ही त्याला धास्ती.

शेजारच्या शेगडीबाईंना राहवेना. "काय हो, आवाज नाही, हालचाल नाही. काम करताय की डुलकी काढताय?"

"गारठ्यानं हात चालत नाहीत, बाई. जरा ऊब द्याल?"

बाईंनी ऊब दिली, तसं विरजण झपाझप कामाला लागलं.

"बघा, माझ्यामुळं!" शेगडीबाई फुशारल्या. "आता दुप्पट आच, दुप्पट काम!"

"नको हो, एवढी पुरे. पोळेन मी!"

"इश्श! कष्टाला भिता होय?" असं म्हणत त्यांनी निखारे चांगले फुलवले.

त्यानंतर विरजण बोललं नाही. आच उतरली, दूध निवलं, तरी ते हललं नाही. सकाळी पातेल्यात दूधच होतं.

"मेलं आळशी निघालं," शेगडीबाईंनी साऱ्या फडताळाला सांगितलं. "मी होते म्हणून निदान दूध तरी नासलं नाही!"

फडताळातल्या भांड्यांनी माना डोलावल्या.