परटिणीची डोणी

ही पाण्याची डोणी पाटलाच्या दारात, नाव मात्र परटिणीचं. हसू नका पाव्हणं. आधी हात धुवा, राख लावून, कोपरापर्यंत. मी बघतोय.

आमच्या पणज्याच्याही आधी वाडीत गोवर आला, असं सांगतात. गोवर म्हणजे देवी घरी आली, असं तेव्हा मानायचे. बायाबापड्या आजारी लेकराचं तोंड बघायला जायच्या आणि त्याच्या ताटातलं उष्टं प्रसाद म्हणून आपल्या पोरांना भरवायच्या. काय म्हणावं या अकलेला! घरोघर पोरं तापानं फणफणली. दोन दगावली.

सगुणा परटिणीची लेक चंपीही आजारी पडली. पण सगुणानं दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला आणि कुणालाच आत घेतलं नाही. चंपीचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. तिचे कपडे रोज धुण्याच्या भट्टीत उकळायचे, तिला पेज पाजली की राखेनं हात घासायचे. तान्हा मुलगा पलीकडं सासूपाशी ठेवला, त्याला साधी शिंक आली नाही. झालं, लोकांच्या डोक्यात किडा वळवळला. हिचंच तान्हं कसं धड? भट्टीत शिजवते काय? करणी करते, म्हणाले. आजारी पोरीसकट हिला वाडीबाहेर काढायचं, असं पंचांनी ठरवलं.

आनसाबाई पाटलीण मुलखाची संशयी. आधी मी बघते, म्हणाली. दोन दिवस सगुणाच्या ओट्यावर ठाण मांडून बसली म्हणे. भट्टीत काठी घालून ढवळलं, तर परकर-पोलकी निघाली. तरी पटेना. सगुणा आतून आली की विचारायची, हात धुतलेस का. ती हो म्हणाली की पाटलिणीचं ठरलेलं, "मी पाहिलं नाही." सगुणा बिचारी पुन्हा धुवायची.

पुढच्याच आठवड्यात पाटलिणीच्या नातवाला गोवर निघाला. तिनं पंचांना विचारलं नाही. गोठ्यातली गुरांच्या पाण्याची ही डोणी दारात ओढून आणली आणि जे पाहिलं होतं ते तसंच केलं. संशयानं पाहिलेलं, त्यामुळं काही निसटलं नव्हतं. नातू वाचला, तिकडं चंपीही बरी झाली. सगुणाला काढायचा विषय मग कुणी काढला नाही.

नातवाला बघायला सगुणा आली, तर पाटलिणीनं तिला दारातच अडवलं. हात?

"धुतलेत, पाटलीणबाई."

"मी पाहिलं नाही."

सगुणा हसली आणि हसता हसता तिला रडू आलं, असं सांगतात. तिनं राख घेतली, आणि पाटलीण स्वतः तांब्या घेऊन परटिणीच्या हातावर पाणी ओतत राहिली.

आजही वाडीत कुठल्याही दाराला डहाळा दिसला, की त्या घरचं माणूस तांब्या घेऊन इथं उभं राहतं आणि येणाऱ्या पाव्हण्याला आधी इथंच थांबवतं; आज डहाळा आमच्या दाराला आहे. धुतलेत म्हणालात तरी पाणी ओततं. बरं, तो डावा हात इकडं करा. मी पाहिलं नाही.