तो एक माणूस पाठवा

देवरुखच्या द्वारकाकाकू एकट्याच राहायच्या. फोनवरचा क्रोशाचा रुमाल धूळ झटकण्यापुरताच निघायचा. तरी कंपनीनं भलंमोठं बिल लावलं आणि वसुलीवाले पागनीस फोनवर गरजले, "महिनाभर तासन्‌तास गप्पा हाणल्यात! मुकाट्यानं भरा, नाहीतर घरी माणसं पाठवीन."

"माणसं कशाला?" काकू म्हणाल्या. "माझं एवढं ऐकून घेणारा तो एक माणूस पाठवा. उभ्या उभ्या पैसे मोजते, वर जेवायला वाढते."

चार दिवस शोधाशोध करून पागनिसांनी खालच्या आवाजात फोन केला, "काकू, चूक आमची. तुम्ही कुणाशीच बोलला नाहीत. बिल रद्द."

काकू जिंकल्या. पण रिसीव्हर काही खाली ठेवेनात.

"नीट बघितलंत ना?" त्यांनी विचारलं. "कुणीच नाही?"